रविवारी मिस्साला जात नाही, तरी बाळाचा बाप्तिस्मा होईल का?

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही दोघंही मूळ वसईचे, दोघंही कॅथलिक, लग्न २०१९ ला तिकडच्याच चर्चमध्ये झालं आणि आता नोकरीमुळे पुण्यात वाकडला राहतो. खरं सांगायचं तर लग्नानंतर आम्ही चर्चमध्ये जवळपास गेलोच नाही, नाताळला वसईला असलो तर मध्यरात्रीची मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) आणि कुणाचं लग्न नाहीतर मयत असेल तर तेवढंच. मुलगी पाच महिन्यांची झालीये. सासूबाईंचा दर दोन दिवसांनी फोन, बाप्तिस्मा कधी करताय. मलाही आतून वाटतं की व्हावा, का ते नीट सांगता येत नाही, लहानपणी ऑक्टोबरात आजीचा हात धरून रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला जायचे ते सारखं आठवतं. नवरा म्हणतो ज्यावर माझा विश्वास उरलेला नाही त्याला मी अल्तारासमोर उभा राहून हो म्हणणार नाही, तुला करायचं तर तू कर, माझी हरकत नाही. इथल्या चर्चच्या ऑफिसला फोन केला तर पहिलाच प्रश्न, तुम्ही आमच्या पॅरिशचे आहात का, मी घाबरून फोन ठेवून दिला. वसईला करायचं तर तिकडचे फादर विचारणार इतकी वर्षं कुठे होता. शिवाय गॉडमदर म्हणून मला माझी कॉलेजची मैत्रीण हवीये, ती हिंदू आहे. मुलीचं नाव आम्ही अन्वी ठेवलंय, ते चालेल का ख्रिस्ती नावच लागतं? आणि या सगळ्याला पैसे किती लागतात?
(एक आई, वाकड)

उत्तर: तो ठेवलेला फोन परत उचला, सगळ्यात आधी तेवढं करा. 'तुम्ही आमच्या पॅरिशचे आहात का' हा प्रश्न ऐकायला कोरडा वाटतो पण तो हद्दीचा प्रश्न आहे, तुम्ही कोणत्या चर्चच्या हद्दीत राहता तेवढंच त्यांना बघायचं असतं. वाकडला राहता म्हणजे ज्या चर्चच्या हद्दीत तुमचं घर येतं त्या धर्मग्रामाचे, म्हणजे पॅरिशचे, तुम्ही आहातच, तिथे कुणी तुम्हाला चेहऱ्याने ओळखत नसलं तरी. नाव नोंदवलेलं नसेल तर ते याच निमित्ताने नोंदवून घ्या.

आता तुमच्या मनातली मूळ भीती, की आम्ही जात नाही म्हणून फादर नाही म्हणतील. चर्चचा जो कायदा आहे, १९८३ ची कॅनन लॉ संहिता, तिच्या ८६८ व्या कलमात लहान बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी दोनच अटी आहेत, एक म्हणजे आईवडिलांपैकी निदान एकाची संमती आणि दुसरी म्हणजे हे मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी साधार आशा. आईबापांची रविवारची हजेरी त्यात कुठेच लिहिलेली नाही. आणि ती आशा अजिबातच नसेल तरी कायदा बाप्तिस्मा नाकारा म्हणत नाही, पुढे ढकला म्हणतो, आणि का ढकलतोय ते आईवडिलांना समजावून सांगा असंही सांगतो. म्हणजे फादर तुमच्याकडे जे शोधणार ते एवढंच, की या घरात या मुलीला कुणीतरी येशूची ओळख करून देणार आहे का.

ही आशा कशी दाखवायची याबद्दल रोमने १९८० साली लहान मुलांच्या बाप्तिस्म्यावर एक सूचनापत्र काढलेलं आहे, त्यात म्हटलंय की आईवडील स्वतः फारसे धार्मिक नसले तरी मुलाच्या ख्रिस्ती संगोपनाची जबाबदारी मनापासून घेणारे धर्मपिता-धर्ममाता (गॉडफादर-गॉडमदर) असतील, किंवा आजूबाजूच्या श्रद्धावंतांचा आधार असेल, तर तेही आश्वासन म्हणून धरता येतं. तुमच्याकडे रोज नाहीतर दोन दिवसांनी फोन करणारी एक आजी आहे. तुम्हाला तो फोन ताप वाटत असेल पण फादरांच्या दृष्टीने ती आजी म्हणजे मोठी जमेची बाजू आहे, तिचा उल्लेख जरूर करा. पोप फ्रान्सिस यांनीही २०१३ च्या आपल्या प्रेषितीय पत्रात साफ लिहिलं होतं की चर्च म्हणजे जकातनाका नव्हे, आणि साक्रामेंतांची, म्हणजे चर्चच्या संस्कारांची, दारं कुठल्याही कारणाने बंद करू नयेत, विशेषतः बाप्तिस्म्याचं, कारण तोच मुळात दरवाजा आहे.

मला तुमची भीती कळते कारण माझी मोठी मुलगी झाली तेव्हा मी स्वतः सहा-सात वर्षं चर्चकडे फिरकलेली नव्हते. ऑफिसात गेले तर टेबलामागच्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघत विचारलं, रविवारी कधी दिसत नाही तुम्ही? मी काही न बोलता बाहेर आले आणि पुढचा दीड महिना त्या रस्त्याने पण गेले नाही. फार लागलं होतं ते मला आणि आजही वाटतं की पोटाशी बाळ धरून दारात आलेल्या बाईला पहिला प्रश्न हा असू नये. दुसऱ्यांदा गेले तेव्हा तिथले वयस्कर फादर स्वतः बसलेले होते, त्यांनी काही विचारलंच नाही, म्हणाले तुझा बाप्तिस्मा याच चर्चचा ना, आणि कपाटातून एक लांबलचक, कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर काढून माझं पान उघडलं. माझं नाव, आईबाबांचं नाव, धर्ममाता म्हणून माझ्या मावशीचं नाव, निळी शाई पार फिकी झालेली. आणि बाजूच्या समासात वेगळ्या अक्षरात माझ्या दृढीकरणाची (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराची) तारीख, तिच्या खाली काळ्या पेनाने माझ्या लग्नाची तारीख आणि कुठल्या चर्चमध्ये झालं ते. मी इतकी वर्षं गेले नव्हते पण माझं पान तिथे होतं, कुणीतरी ते भरत होतं. मग मी त्यांना सगळं खरं सांगितलं, का जात नाही, कशावर विश्वास बसतो, कशावर नाही, आणि त्यांनी पुढच्या महिन्याची तारीख दिली.

म्हणून माझा आग्रह आहे की फादरांकडे जाऊन खोटं बोलू नका. 'आम्ही दर रविवारी जातो, दुसऱ्या चर्चला जातो' असं सांगणारी जोडपी मी तयारीच्या वर्गात बघितलीत, पुढच्या दोन प्रश्नांत ते उघडं पडतं आणि मग आईबापांना मान वर करता येत नाही, संस्काराच्या दिवशीसुद्धा नाही. त्यापेक्षा सरळ म्हणा, फादर, आम्ही बरीच वर्षं येत नाही, पण मुलीला ही ओळख मिळावी असं मला मनापासून वाटतं आणि त्यासाठी मी अमुक अमुक करू शकते. ते अमुक अमुक मात्र ठरवून जा आणि झेपेल तेवढंच सांगा. रोज झोपताना तिच्या कपाळावर क्रूस काढीन, महिन्यातून एकदा तिला मिस्साला आणीन, मोठी झाली की धर्मशिक्षणाच्या वर्गाला घालीन. तुम्हाला आजीबरोबरची रोझरी आठवते ना, ती आठवण पण सांगा, ती छोटी गोष्ट नाहीये, श्रद्धा बहुतेक घरांत अशीच हातातून हातात आलेली असते.

आता तुमच्या मिस्टरांचं. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. तोंडदेखलं हो म्हणणाऱ्यापेक्षा मी खोटं बोलणार नाही म्हणणारा माणूस त्या शब्दांची किंमत जास्त जाणतो. विधीत आईवडिलांना खरंच उत्तरं द्यावी लागतात. सुरुवातीला दारातच फादर विचारतात, बाळाचं नाव काय ठेवता, आणि ख्रिस्तसभेकडे, म्हणजे चर्चकडे, काय मागता, तुम्ही म्हणायचं बाप्तिस्मा. मग विचारतात की हिला श्रद्धेत वाढवायची जबाबदारी तुम्ही घेताय, याची जाणीव आहे ना. आणि पाण्याच्या आधी सैतानाचा त्याग करता का, पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवता का, असे प्रश्न येतात. पण विधीच्या प्रस्तावनेतच सोय आहे की आईवडिलांपैकी एकाला, समजा तो कॅथलिक नाही म्हणून, श्रद्धेची कबुली देता येत नसेल तर त्याने त्या वेळी गप्प राहिलं तरी चालतं, मुलाला या श्रद्धेचं शिक्षण मिळायला त्याने वाव द्यावा एवढीच अपेक्षा असते. तुमचे मिस्टर बाप्तिस्मा झालेले असल्यामुळे त्यांनी हे आधी फादरांशी स्वतः बोलून घ्यावं, तुम्ही मध्ये पडून त्यांच्या वतीने बोलू नका. 'मला हे शब्द म्हणता येणार नाहीत, पण बायकोने मुलीला या वाटेने न्यायचं ठरवलंय त्याला माझी संमती आहे आणि मी आडवा येणार नाही', एवढं त्यांनी सांगितलं तर ते खरंही आहे आणि पुरेसंही. त्या दिवशी बाळाला त्यांनीच कडेवर घ्यावं, आणि कपाळावर क्रूस काढायला फादर आईवडिलांना बोलावतात तेव्हा काढायचा की नाही ते त्यांचं त्यांना ठरवू दे.

पुणे का वसई. नियम असा की बाळाचा बाप्तिस्मा साधारणपणे आईवडिलांच्या राहत्या धर्मग्रामात व्हावा, दुसरीकडे करायचा तर इथल्या फादरांचं परवानगीपत्र घ्यावं लागतं, ते योग्य कारण असेल तर देतात, आजीआजोबा तिकडे आहेत हे पुरेसं कारण आहे. पण ठरवताना एक गोष्ट लक्षात ठेवा, जिथे बाप्तिस्मा होईल तिथल्या रजिस्टरमध्ये तिचं पान कायमचं राहणार, तिचं दृढीकरण, तिचं लग्न जगात कुठेही झालं तरी त्याची नोंद या पानावर येऊन लिहिली जाते, आणि लग्नाच्या वेळी बाप्तिस्म्याचा ताजा दाखला, साधारण सहा महिन्यांच्या आतला, याच चर्चमधून काढावा लागतो. वसईला पान असलं तर तीस वर्षांनी तिला दाखल्यासाठी वसईच्या ऑफिसला हाक मारावी लागेल. माझं मत विचाराल तर पुण्यात करा. सासूबाईंना वाईट वाटेल, त्यांना चार दिवस आधी बोलवून घ्या. कारण तुमची मुलगी पुण्यात वाढणार आहे आणि ज्या माणसांसमोर तिच्या डोक्यावर पाणी पडेल ती माणसं तिला पुढे दिसत राहावीत. वसईला एक दिवस मोठा सोहळा होईल आणि सोमवारी तुम्ही परत वाकडला, जिथे तुम्हाला कुणीच ओळखत नाही.

गॉडमदरचं मात्र मन घट्ट करून ऐका. मैत्रीण हिंदू असेल तर ती धर्ममाता होऊ शकत नाही. धर्मपिता किंवा धर्ममाता व्हायला वयाची सोळा पूर्ण, स्वतः कॅथलिक, बाप्तिस्मा, दृढीकरण आणि ख्रिस्तशरीर (मिस्सातली पवित्र भाकर) तिन्ही घेतलेलं, त्या श्रद्धेने जगणारं माणूस लागतं, आणि बाळाचे स्वतःचे आईवडील चालत नाहीत. एकच असला तरी चालतो, दोन असतील तर एक पुरुष एक बाई. प्रोटेस्टंट मंडळींपैकी, म्हणजे सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं) वगैरे कुणी जवळचं असेल तर ते कॅथलिक धर्मपित्याच्या सोबत साक्षीदार म्हणून उभं राहू शकतं, पण बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीला ती जागा देता येत नाही. तुमच्या मैत्रिणीला तुम्ही मावशी म्हणून मुलीच्या आयुष्यात ठेवाच, त्या दिवशी पुढच्या बाकावर बसवा, पांढरी शाल तिच्या हातात द्या सांभाळायला. पण धर्ममाता निवडताना मैत्रीचा, मानाचा, 'त्यांनी आपल्याला केलं होतं म्हणून आपण त्यांना' असा हिशोब करू नका. तुमच्या घरात तुम्ही दोघं जे करू शकत नाही ते ती व्यक्ती करणार आहे. मुलगी नऊ वर्षांची होऊन विचारेल की देव खरंच असतो का तेव्हा तुम्ही अडखळाल, तेव्हा ज्याच्याकडे तिला पाठवता येईल असं माणूस शोधा. तुमची एखादी चुलत बहीण, आतेभाऊ, जो शांतपणे दर रविवारी जातो आणि दुसऱ्यावर लादत नाही, असा कुणीतरी प्रत्येक वसईकर कुटुंबात असतोच. बाकीच्या सगळ्या गडबडीपेक्षा या एका निवडीवर जास्त वेळ घालवा.

अन्वी नाव चालतं. कायदा एवढंच म्हणतो की नाव ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावं, संताचंच हवं असं नाही. सासूबाईंना हवं असेल तर सोबत एखादं संताचं नाव जोडता येतं. फक्त जन्मदाखल्यावर जे नाव आणि स्पेलिंग आहे तेच बाप्तिस्म्याच्या नोंदीत पहिलं येईल असं बघा, तुमची दोघांची नावं, आडनावाचं स्पेलिंग सुद्धा, आपल्याकडे घोन्साल्विस आणि डिमेलोच्या स्पेलिंगवरून नंतर किती खेटे घालावे लागतात ते तुम्हाला माहीत असेल. जन्मदाखल्यावर अजून नाव चढवलं नसेल तर आधी ते करून घ्या, वर्षाच्या आत फुकट होतं.

पैशांचं, बाप्तिस्म्याची फी नसते. लोक स्वखुशीने दान देतात, आणि गरज असलेल्या कुणालाही पैशांअभावी संस्कार नाकारायचा नाही असं कायद्यातच आहे. खर्च होतो तो हॉल, केक आणि जेवणाचा, आणि तो तुमच्या हातात आहे. कागद म्हणाल तर बाळाचा जन्मदाखला, तुमच्या चर्चमधल्या लग्नाचा दाखला आणि धर्मपित्या-धर्ममातेच्या दृढीकरणाचा दाखला किंवा त्यांच्या फादरांचं पत्र, बाकी काय लागेल ते ऑफिसात विचारा कारण जागोजागी थोडा फरक असतो. बहुतेक ठिकाणी आईवडील आणि गॉडपेरेंट्ससाठी तयारीचं सत्र असतं, त्याला मिस्टरांना पण घेऊन जा, ऐकायला काही विश्वास लागत नाही. काही धर्मग्रामांत प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, बाप्तिस्मे ठेवत नाहीत, तारीख धरताना ते विचारून घ्या.

आणि त्या दिवसाचं एक, मुलीला पुढून उघडता येईल असा फ्रॉक घाला, कारण पाण्याच्या आधी छातीवर तेल लावतात आणि मागे बारा बटणं असलेल्या सॅटिनच्या झग्यातून ती जागा सापडत नाही, मी बघितलंय, बाळ रडतंय, आई घामाघूम आणि फादर अंगठ्यावर तेल घेऊन थांबलेत. पाणी तीनदा कपाळावरून डोक्यावर ओततात, 'मी तुला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देतो', मग टाळूला दुसरं तेल लावतात त्याला ख्रिझम म्हणतात, मग पांढरं वस्त्र, मग पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवरून धर्मपिता बाळाची मेणबत्ती पेटवतो. भूक लागली तर बिनधास्त पाजा. पोप फ्रान्सिस सिस्टिन चॅपेलमध्ये दरवर्षी बाप्तिस्मे करायचे तेव्हा ते स्वतःच आयांना सांगायचे की बाळ भुकेलं असेल तर इथेच पाजा.

प्रश्न: मी कॅथलिक, नवरा हिंदू, लग्न स्पेशल मॅरेज ॲक्टखाली रजिस्टर केलं, चर्चमध्ये झालंच नाही. मुलगा तीन महिन्यांचा आहे. मी चर्चला जात नाही कारण लग्नानंतर वाटलं की आता आपण तिथले राहिलो नाही. सासरचे बारसं करणार आहेत, मला बाप्तिस्मा पण करायचाय, नवऱ्याला चालेल. फादर आधी लग्न लावा म्हणतील का?
(नाशिकहून)

उत्तर: तुम्ही तिथल्याच आहात, बाप्तिस्मा झालेला माणूस लग्नामुळे परका होत नाही. चर्चच्या हिशोबाने तुमचं लग्न अजून नियमित झालेलं नाही हे खरं, आणि फादर तो विषय काढतील हेही खरं, तेव्हा दचकू नका, बिशपांची परवानगी घेऊन नवऱ्याने धर्म न बदलता ते चर्चमध्ये नियमित करता येतं आणि तुम्हाला मिस्साला मोकळेपणी यायचं असेल तर ते जरूर करून घ्या. पण तो तुमचा वेगळा विषय आहे, त्यावर बाळाचा बाप्तिस्मा अडवून ठेवायचं कारण नाही. २०१४ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी सिस्टिन चॅपेलमध्ये जी ३२ बाळं न्हाऊ घातली त्यांतल्या एका बाळाच्या आईवडिलांचं लग्न नुसतं सरकारी नोंदणीचं होतं.

नवऱ्याला चालेल म्हणता, तर त्याला फादरांच्या भेटीला घेऊन जा. कायद्याला एकाची संमती पुरते पण घराला पुरत नाही. मुलगा कॅथलिक म्हणून वाढणार, सात-आठ वर्षांचा झाला की पहिला ख्रिस्तशरीर स्वीकार, त्याआधी धर्मशिक्षणाचे वर्ग, हे सगळं त्याने आज ऐकलेलं असू दे, आणि सासूसासऱ्यांनाही तुम्हीच सांगा, त्यांना फोटोतून कळायला नको. बारशाबद्दल म्हणाल तर खुशाल होऊ दे, पाळणा सजू दे, कुणी गोविंद घ्या कुणी गोपाळ घ्या होऊ दे, तिकडे आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, इकडे फादर दारातच नाव विचारतात, दोन्हीकडे बाळाला नावाने हाक मारणारी माणसं जमलेली असतात. फक्त दोन्ही एकाच दिवशी एकाच हॉलमध्ये उरकू नका, प्रत्येकाला त्याचा त्याचा दिवस द्या, आणि नाव दोन्हीकडे एकच ठेवा.

प्रश्न: मी वसईची आजी. मुलगा-सून कॅनडात असतात, नातू दीड वर्षाचा झाला तरी बाप्तिस्मा नाही, म्हणतात मोठा झाला की त्याचं तो ठरवेल. येत्या मे महिन्यात येणार आहेत. मी ऐकलंय की अडीअडचणीला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. ते बाहेर गेले की मी घरीच त्याच्या डोक्यावर पाणी घालू का? काही बरंवाईट झालं तर पोराचं काय होईल या विचाराने झोप लागत नाही.
(एक आजी)

उत्तर: आजी, करू नका. तुमचं काळीज मला कळतं, तरी हात जोडून सांगते, हे करू नका. कुणीही देऊ शकतं हे खरं आहे पण ते जिवावरच्या प्रसंगासाठी आहे. बाळ काचेच्या पेटीत आहे, डॉक्टरांनी आशा सोडलीये, फादर पोचू शकत नाहीत, अशा वेळी नर्ससुद्धा, ती ख्रिस्ती नसली तरी, ख्रिस्तसभा जे करते तेच करायच्या हेतूने पाणी घालून ते शब्द म्हणू शकते आणि तो खरा बाप्तिस्मा होतो. तुमचा नातू धडधाकट आहे आणि त्याच्या आईवडिलांची संमती नाही. तुम्ही चोरून पाणी घातलंत तर तो बाप्तिस्मा कदाचित झालेला असेल, पण नोंद कुठेच नाही, साक्षीदार नाही, आणि बाप्तिस्मा दुसऱ्यांदा देता येत नाही. उद्या तो स्वतः मागायला गेला तर तो झालाय का नाही याचाच घोळ. आणि मुलाला कळलं तर नातवाला तुमच्याकडे एकटं सोडायची त्याची हिंमत होणार नाही, हे नुकसान कशाने भरून काढाल?

बरंवाईटाची जी भीती तुम्हाला आहे ती आपल्या लहानपणी शिकवलेल्या लिंबोची आहे. बाप्तिस्म्याविना गेलेली बाळं स्वर्गाच्या उंबरठ्याबाहेर राहतात असं आपल्याला सांगायचे. ती ख्रिस्तसभेची बंधनकारक शिकवण कधीच नव्हती. आजची धर्मशिक्षणाची पोथी म्हणते की अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवावं, आणि २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने, पोप बेनेडिक्ट यांच्या संमतीने, सविस्तर लिहिलंय की या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत. ज्या येशूने लेकरांना माझ्याकडे येऊ द्या म्हटलं त्याच्या हातात तुमचा नातू आजही आहे, तुम्ही रात्री झोपा.

मे महिन्यात ते आले की मुलाशी एकदा, एकदाच, शांतपणे बोला. घाबरवू नका, लोक काय म्हणतील ते काढू नका, तुम्हाला स्वतःला या श्रद्धेने काय दिलं ते सांगा, घरातलं कुणी गेलं तेव्हा कशाने धीर आला असेल ते सांगा. त्याला हेही माहीत असू दे की सात वर्षांपर्यंत बाळाच्या विधीने बाप्तिस्मा होतो, त्यानंतर मुलाला स्वतः शिकून, समजून मागावा लागतो, म्हणजे दार बंद होत नाही, वाट थोडी लांबते. मग सुनेला विचारून नातवाला तुमच्याबरोबर चर्चमध्ये न्या, ती हो म्हणाली तर. उन्हाळ्यात दुपारी देऊळ रिकामं आणि गार असतं, त्याला मेणबत्त्या दाखवा, मारियेच्या पायाशी फुलं ठेवायला लावा, आणि तुम्ही नमो मारिया म्हणत असाल ते त्याला ऐकू द्या.